वगळलेले पान आणि आपली उतारवयातील माणसे

१४ एप्रिलला आमच्या कळंबोलीत रात्र होत नाही. सेक्टरासेक्टरातून मिरवणुका निघतात. निळे झेंडे, पांढरी वस्त्रे, ढोल-ताशे आणि लेकराबाळांचा जयघोष यांनी रस्ते दुमदुमून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर फुलांच्या पाकळ्या आणि कागदी कप उरतात. समाजबांधव थकून झोपलेले असतात. हा दुसरा दिवस म्हणजे १५ एप्रिल. याही तारखेला बाबासाहेबांच्या जीवनात एक मोठी घटना घडलेली आहे. आपल्यापैकी किती जणांना ती आठवते?

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, नोंदणी पद्धतीने, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. आदल्याच दिवशी बाबासाहेबांना सत्तावन्न वर्षे पूर्ण झाली होती. वधूचे वय एकोणचाळीस होते. माता रमाईंना जाऊन जवळजवळ तेरा वर्षे लोटली होती. देशाचे कायदामंत्री, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष असलेले बाबासाहेब त्या वेळी मधुमेहाने, पायांच्या वेदनांनी आणि निद्रानाशाने पोखरले गेले होते. या दिवसाची आपण आठवण काढत नाही. काढलीच तर दबक्या आवाजात काढतो. आम्हास आज या दबक्या आवाजाविषयीच लिहावयाचे आहे. आपल्या चळवळीने समतेवर लिहिले, हक्कावर लिहिले, आरक्षणावर, अत्याचारावर आणि राजकारणावर तर रोजच लिहिले. परंतु उतारवयात माणसाला माणूस लागतो, ही साधी गोष्ट मात्र आपण चळवळीचा विषय मानलीच नाही.

बाबासाहेबांनी ती मानली होती. मार्च १९४८ मध्ये त्यांनी आपले जिवलग सहकारी दादासाहेब गायकवाड यांना पत्र लिहून आपला निर्णय कळविला. रमाईंच्या निधनानंतर पुन्हा लग्न करावयाचे नाही असा आपला निश्चय होता. परंतु आता प्रकृतीने अशी वेळ आणली आहे की सांभाळणारे कोणी जवळ असल्याशिवाय निभाव लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. विचार करा बांधवांनो! ज्या माणसाने महाडचे पाणी पेटविले, गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या प्रधानमंत्र्यासमोर उभे राहून आपले गाऱ्हाणे मांडले, त्या माणसाला ‘मला कोणीतरी जवळ हवे आहे’ हे लिहिताना कमीपणा वाटला नाही. लपवाछपवी नाही, आडपडदा नाही. सहकाऱ्याला कळविले आणि कायद्याने विवाह नोंदविला.

त्यानंतरची आठ-साडेआठ वर्षे डोळ्यांसमोर आणा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी घटनेचा मसुदा संविधान सभेत मांडला. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारले गेले. १९५० साली औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, तेच आजचे मिलिंद. हिंदू कोड बिलासाठी ते झुंजले आणि १९५१ साली मंत्रिपद सोडून बाहेर पडले. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. त्याच काळात ‘दि बुद्धा अँड हिज धम्मा’ हा ग्रंथ लिहिला गेला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरची दीक्षाभूमी घडली. हे सारे एका आजारी माणसाने केले. इन्सुलिनची सुई, पथ्याचे जेवण, रात्रीची जागरणे आणि पायांना होणाऱ्या असह्य वेदना, या साऱ्यांसह केले. त्या सुईमागे, त्या पथ्यामागे आणि त्या जागरणामागे कोणाचे तरी हात होते ना? ते हात माईसाहेबांचे होते. दिवसभर सरकारी नोकरी करून संध्याकाळी येणाऱ्या आणि मध्यरात्रीपर्यंत टंकलेखन करीत बसणाऱ्या नानकचंद रत्तूंचे होते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सुदामाचेही होते.

या हातांविषयी बाबासाहेब काय म्हणाले? ते लिहून ठेवून गेले आहेत. १९५६ साली त्यांनी ‘दि बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथासाठी इंग्रजीत प्रस्तावना लिहिली. ग्रंथ लिहिण्यास पाच वर्षे लागली, मध्यंतरी प्रकृती इतकी ढासळली की डॉक्टरांचाही धीर सुटत चालला होता, हे त्यांनी तिथे सांगितले आहे. त्यातून आपण वाचलो आणि ग्रंथ पूर्ण करू शकलो, याचे श्रेय त्यांनी आपली पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या उपचारांना दिले. मुद्रिते तपासणारे प्रा. म. भि. चिटणीस यांचेही आभार मानले. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, म्हणजे त्यांच्या आयुष्यातील शेवटच्या रात्री, त्यांनी रत्तूंकडून काही कागद मागवून टेबलावर ठेवून घेतले होते. त्यात आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे होती, आणि या ग्रंथाची प्रस्तावना होती.

पुढे १९५७ साली ग्रंथ छापून आला. त्यात ती प्रस्तावना नव्हती!

का नव्हती, कोणी वगळली, यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. ते वाद आम्हास येथे उकरून काढावयाचे नाहीत. बाबासाहेबांच्या निधनानंतर माईसाहेबांवर संशयाचे मोहोळ उठले होते, हे सर्वश्रुत आहे. सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक होता असा निष्कर्ष निघाला. तरी कुजबूज थांबली नाही. अखेर १९८० साली भगवान दास यांनी बाबासाहेबांच्या दुर्मीळ प्रस्तावना एकत्र करून प्रसिद्ध केल्या, तेव्हा ही प्रस्तावना लोकांसमोर आली. म्हणजे एका मरणासन्न महामानवाने आपल्या सेवा करणाऱ्या माणसांचे मानलेले आभार समाजापर्यंत पोहोचण्यास तेवीस-चोवीस वर्षे लागली! तोवर माईसाहेबांनी सत्तरी ओलांडली होती. १४ एप्रिल १९९० रोजी राष्ट्रपती व्यंकटरामन यांच्या हस्ते बाबासाहेबांचे भारतरत्न त्यांनीच स्वीकारले. त्याच साली त्यांचे ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ हे आत्मकथन आले. २९ मे २००३ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. बाबासाहेबांनंतर त्या शेहेचाळीस वर्षे जगल्या. या शेहेचाळीस वर्षांत त्यांच्या वाट्याला आपण किती प्रेम दिले, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या मनाशी करावा.

रमाईंच्या बाबतीतही पाहा. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा, तिचे शील आणि आपले कोणी नव्हते त्या दिवसांत तिने आपल्याबरोबर सोसलेले दुःख, यांची आठवण त्या अर्पणपत्रिकेत आहे. राजकारणावरील रुक्ष ग्रंथाच्या पहिल्या पानावर एका गरीब, कष्टाळू पत्नीचे नाव! कृतज्ञता ही खासगी बाब आहे, ती माजघरात ठेवावी, असे बाबासाहेबांनी कधी मानले नाही. त्यांनी ती ग्रंथाच्या दारात ठेवली. काही लोक म्हणतात, दुसरा विवाह करून रमाईंच्या आठवणीला उणेपणा आला. ज्याने रमाईंविषयी एवढे लिहून ठेवले, त्याला ही माणसे रमाईंविषयीचे प्रेम शिकविणार काय? पहिल्या प्रेमाची आठवण आणि दुसऱ्या माणसाची सोबत या एकमेकींच्या वैरिणी नाहीत.

हे सारे आज आठवण्याचे कारण आमच्या कळंबोलीतच आहे. सिडकोने वसविलेल्या या वसाहतीची ओळख म्हणजे लोखंड पोलाद बाजार, ट्रकची रांग आणि जिथून पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो ते वळण. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा आणि कोकणातून आलेली आपली माणसे येथे स्थिरावली. कोणी लोखंड बाजारात माथाडी म्हणून पाठीवर ओझे वाहिले, कोणी तळोज्याच्या कारखान्यात पाळ्या केल्या, कोणी बंदरात, कोणी महापालिकेत सफाई खात्यात राबले. पै पै जमवून सिडकोची खोली घेतली, मुले शिकवली. त्या मुलांपैकी कोणी आज पुण्याला आहे, कोणी बंगळुरूला, कोणी याच घरात राहूनही रात्री दहाला परततो. आणि तो माथाडी, ती सफाई कामगार बाई आज लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बसून आहेत. गुडघे चालत नाहीत म्हणून खाली उतरणे नाही. खाली उतरणे नाही म्हणून विहारात येणे नाही. विहारात येणे नाही म्हणून कोणी विचारणे नाही. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेली माणसे देशात दहा कोटींच्या वर होती. त्यातली आपली किती, हे मोजायला आकडेवारीची गरज नाही. आपल्या इमारतीचा जिना चढून पाहावा.

वकिलीच्या निमित्ताने ही माणसे आमच्याकडे येतात. सांगतात खोलीचे, मुलाने सह्या घेतल्याचे, पेन्शनचे. तासाभराने कागद मिटल्यावर खरी गोष्ट निघते. एक आजोबा म्हणाले, “वकीलसाहेब, पोरगा पैशे देतो. बोलत नाही.” यावर कोणत्या कलमाखाली अर्ज करावा?

अशीच एक जोडी आमच्याकडे आली होती. नावे सांगणार नाही. वकिलाने सांगूही नयेत. ते लोखंड बाजारातून निवृत्त झालेले माथाडी, वय अडुसष्ट, पत्नीला जाऊन सहा वर्षे झालेली. त्या एका शाळेत शिपाईकाम केलेल्या, वय एकसष्ट, नवरा तळोज्याच्या कारखान्यात असताना वारलेला. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालते, तिथे ओळख झाली. त्यांना लिहितावाचता बेताचेच येते, म्हणून ताई त्यांना ऐकलेले पुन्हा समजावून सांगत. दोघेही बौद्ध, दोघेही एकटे, दोघांचीही मुले लग्न झालेली. अडचण कसली असावी? परंतु मुलगा म्हणाला, आईचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्यासमोर दुसरी बाई घरात कशी आणू? सून म्हणाली, वन रूम किचनमध्ये माणसे कुठे ठेवू? ताईंच्या मुलीने तर माहेरी येणेच बंद केले. आणि विहारातले काही जुने कार्यकर्ते, जे १४ एप्रिलला पुढे उभे असतात, ते पाठीमागे हसले, “या वयात?”

ताई आम्हास म्हणाल्या, “वकीलदादा, मला त्यांची खोली नको, का पैसा नको. सकाळी च्या ठेवताना दोन कप मांडावं वाटतं, एवढंच.”

पुढे त्या काकांना हृदयाचा त्रास होऊन रुग्णालयात ठेवावे लागले. ताई डबा घेऊन धावल्या. आतल्या खोलीच्या दारात विचारणा झाली, तुम्ही पेशंटच्या कोण? काय सांगणार? बहीण नव्हे, पत्नी नव्हे, शेजारीणही नव्हे. डबा एका वॉर्डबॉयच्या हाती देऊन त्या तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. काका आता बरे आहेत. लग्न झालेले नाही. रविवारी विहारात भेटतात, वंदना झाली की आपापल्या जिन्याने घरी जातात.

सत्तावन्नाव्या वर्षी बाबासाहेबांनी विवाह नोंदविला नसता तर २६, अलीपूर रोडवर माईसाहेबांनाही हाच प्रश्न कोणीतरी विचारला असता. नोंदविला होता, तरीही समाजाने तो विचारलाच. मग आमच्या कळंबोलीतल्या ताईंची काय कथा!

कायदा काय देतो, तेही सांगितले पाहिजे. कारण अज्ञानामुळे पुष्कळ माणसे सोसत राहतात. २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला, महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याखाली मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्यासाठी पनवेलला, साध्या कागदावर करता येतो. मूळ कायद्यात कमाल मर्यादा महिना १०,००० रुपयांची आहे. सांभाळण्याच्या अटीवर खोली मुलाच्या नावे केली आणि त्याने सांभाळले नाही, तर कलम २३ प्रमाणे ते हस्तांतरण रद्द होऊ शकते. मात्र ही अट कागदात लिहिलेली असावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भर दिला. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा अर्थ लावून वाचावा असे म्हटले. तरीही शहाण्याने अट लिहून घ्यावी, हे उत्तम. ज्याला कोणाचाच आधार नाही त्याच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, २०२३ पासून तिचे मासिक अर्थसाहाय्य १,५०० रुपये करण्यात आले. नावात श्रावणबाळ आहे खरा, पण कावड उचलायला कोणी नाही!

उतारवयातील विवाहाला कायद्यात वयाची वरची मर्यादा नाही. विशेष विवाह कायदा १९५४ प्रमाणे नोटीस देऊन तीस दिवसांनी विवाह नोंदता येतो, बौद्ध पद्धतीने मंगल परिणय करूनही नोंद होते. अडते ते दोन ठिकाणी. पहिली अडचण पेन्शनची. कारखान्यातील कामगाराच्या विधवेला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतून मिळणारी रक्कम पुनर्विवाह केल्यास बंद होते. २०१४ साली ठरलेली किमान पेन्शन महिना १,००० रुपये! म्हणजे एका विधवेने सोबत निवडायची की हजार रुपये, असा हा सौदा आहे. तो बदलावा अशी मागणी आपल्या कामगार संघटनांनी का करू नये? दुसरी अडचण वारसाची. मृत्युपत्र नसेल तर दुसरी पत्नीही मुलांच्या बरोबरीने वारस ठरते, आणि मुलांच्या रागाचे खरे मूळ बहुतेक वेळा आईच्या फोटोत नसून येथे असते. त्यावर उपाय सोपा आहे. मृत्युपत्र करावे. खोली मुलांना, पण मागे राहणाऱ्या जोडीदारास हयातीपर्यंत तिथे राहण्याचा हक्क, असे त्यात लिहिता येते. दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. जे कागदावर लिहिले जाते त्यावरून भांडणे कमी होतात, हा आमचा धंद्यातला अनुभव आहे.

परंतु वकील असूनही आम्हास हे सांगितले पाहिजे की कायदा पैसा मिळवून देतो, छत मिळवून देतो. तो बोलणारा माणूस मिळवून देत नाही. न्यायाधिकरण मुलाला दरमहा रक्कम भरण्याचा हुकूम देईल. दरमहा बापाशेजारी बसण्याचा हुकूम कोण देणार? तिथे धम्म लागतो.

आणि धम्मात याची सोय अडीच हजार वर्षांपूर्वी झालेली आहे. नकुलपिता आणि नकुलमाता या वृद्ध उपासक दांपत्याची कथा अंगुत्तर निकायात आहे. नकुलपिता आजारी पडला, जगेल असे दिसेना. तेव्हा नकुलमातेने त्याच्या उशाशी बसून एकेक काळजी दूर केली. माझ्या मागे मुलांचे काय होईल याची चिंता करू नका, मी सूत कातीन, लोकर विंचरीन, घर चालवीन. माझे शील ढळणार नाही, धम्मावरील श्रद्धा ढळणार नाही. मनात ओझे ठेवून जाऊ नका, असे तिने त्यास सांगितले. त्या बोलण्याने त्याचे मन शांत झाले आणि तो बरा झाला. काठी टेकत तो तथागतांकडे गेला, तेव्हा अशी करुणामयी पत्नी तुला लाभली हे तुझे भाग्य आहे, असेच तथागत त्यास म्हणाले. वृद्ध नवरा-बायकोच्या प्रेमाकडे पाहून तथागत हसले नाहीत. त्यांनी त्याचा गौरव केला. आणि आपण? “या वयात?”

अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, आणि जो रुग्णाची सेवा करील तो माझीच सेवा करील, असा उपदेश भिक्खूसंघाला दिला. त्या भिक्खूची सेवा इतर भिक्खू का करीत नव्हते? तो आता त्यांच्या काही उपयोगाचा उरला नव्हता म्हणून! उपयोग संपला की माणूस संपला, हा हिशेब तथागतांनी तिथेच मोडून काढला. जगात दोन माणसे दुर्मीळ असतात, पहिल्याने उपकार करणारा आणि केलेले उपकार जाणणारा, हेही त्यांचेच सांगणे. पालीत त्याला कतञ्ञुता म्हणतात. महामंगल सुत्तात ती मंगलांमध्ये मोजलेली आहे. दर कार्यक्रमात आपण ते सुत्त म्हणतो. म्हणतो, पण ऐकतो का?

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, चळवळीपुढे आज इतके मोठे प्रश्न आहेत. संविधानावर संकट आहे, खासगीकरणाने आरक्षण पोकळ केले आहे, आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या लग्नाचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की, हा प्रश्न त्या प्रश्नांपासून वेगळा नाही. नामांतरासाठी लाठ्या खाल्लेली, मोर्चात भाकरी बांधून गेलेली, जयंतीच्या वर्गणीसाठी दारोदार फिरलेली पिढी आज त्या तिसऱ्या मजल्यावर बसलेली आहे. हिच्या पाठीवरून चढून आपण वकील झालो, अभियंते झालो, साहेब झालो. त्या पिढीला जिवंतपणी कोणी विचारत नाही, आणि गेल्यावर शोकसभेत दहा वक्ते गहिवरून बोलतात. त्यांच्या फोटोला हार घालायला माणसे मिळतात, त्यांना दवाखान्यात न्यायला मिळत नाहीत. जो समाज आपल्या वापरून झालेल्या माणसांना अडगळीत टाकतो, त्याच्या हाकेला पुढची पिढी कशासाठी येईल? पोरे पाहत असतात. बापाने आजोबांचे काय केले ते पाहूनच ती चळवळीची किंमत ठरवतात.

दुसरे कोणी म्हणेल, उतारवयातील सोबत, मेळावे ही पांढरपेशांची चैन आहे. पुण्यात माधव दामले यांनी २०१२ साली ज्येष्ठांच्या सहजीवनासाठी मंडळ काढले, तसे त्यांनी काढावे, आपल्याला काय त्याचे? बांधवांनो, एकटेपणाला जात नसते. पण त्यावर उपाय करण्याची ऐपत मात्र वर्गाप्रमाणे बदलते. ज्याच्याकडे चार खोल्या आहेत त्याला एक खोली सोबतीसाठी देता येते. वन रूम किचनवाल्याला समाजाची साथ असल्याशिवाय काहीच करता येत नाही. म्हणून ही गोष्ट आपल्याला अधिक लागते.

मग करावे काय? आम्ही कळंबोलीपुरते बोलतो. इतरांनी आपापल्या वस्तीचे पाहावे. विहाराच्या रविवारच्या वंदनेनंतर चार-चार तरुण-तरुणींनी आपल्या सेक्टरातल्या न उतरू शकणाऱ्या वृद्धांच्या घरी जावे. उपदेश करण्यास नव्हे, ऐकण्यास जावे. त्यांच्याकडे आपला इतिहास आहे, तो वहीत उतरवून घ्यावा. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यांत विधवा, विधुर आणि साठीपुढील उपासक-उपासिकांसाठी उघडपणे, सन्मानाने एक सत्र ठेवावे. अशा विवाहास बौद्धाचार्यांनी पुढे होऊन मंगल परिणय विधी लावावा आणि हसणाऱ्यांना तिथेच थांबवावे. महिन्यातून एकदा समाजातल्या वकिलांनी विहारात बसून मृत्युपत्र, पेन्शन आणि निर्वाहाचे अर्ज विनामूल्य लिहून द्यावेत. आम्ही त्यासाठी आमचे नाव पहिले देतो. आणि ज्याने चळवळीसाठी काही केले आहे त्याचा सत्कार तो ऐकू शकतो, पाहू शकतो, हात हातात घेऊ शकतो तोवरच करावा.

शेवटची सूचना सर्वांत सोपी आहे. तिला पैसा लागत नाही, ठराव लागत नाही. आषाढ पौर्णिमेपासून आपल्या विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आपल्या विहारातील प्रत उघडून पाहा, बाबासाहेबांची ती प्रस्तावना तिच्यात आहे का? नसेल तर मिळवून, मराठीत उतरवून, पहिल्या पानाला चिकटवा. आणि यंदाच्या वर्षावासात पहिल्या दिवशी ग्रंथातले काहीही वाचण्यापूर्वी ती मोठ्याने वाचा. जमल्यास ती वाचण्याचा मान एखाद्या सत्तरीच्या ताईला द्या.

जयभीम!